दुसऱ्या आगीची ओढ

मित्रांनो, मी एक जुनी पूड आहे. दिसायला मैद्यासारखी पांढरी आणि मऊ. पण चिमटीत धरून चोळलीत तर मी बोटांत किरकिरते, आणि मग कळतं की हा मैदा नव्हे. मी काच आहे. एकदा वितळलेली, मग फुटलेली आणि मग दळलेली काच. मातीच्या भांड्यांवर चकाकी चढवणारे लोक मला फ्रिट म्हणतात. ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या एका शेडमध्ये, खिडकीखालच्या निळ्या पिंपाच्या तळाशी मी आता मूठभर उरले आहे. जी उरली आहे तीच तुमच्याशी बोलते आहे.

माझा जन्म डोंबिवलीजवळ, मानपाड्याच्या बाजूला एका कारखान्यात झाला. जन्माआधी मी एकसंध नव्हतेच. थोडी पांढरी वाळू होते, थोडा सोडा होते, थोडी चुनखडी होते आणि बराचसा टाकणखार होते. सोनार डाग देताना वापरतात ना, तोच टाकणखार. वाळू मोठी हट्टी असते, एकटी असली तर साध्या भट्टीला दाद देत नाही. टाकणखार तिला लवकर वितळायला लावतो. पण त्याची एक खोड आहे. पाणी दिसलं की तो विरघळून पळ काढतो. म्हणून आधी सगळ्यांना एकत्र वितळवून काच करतात. काचेत एकदा अडकला की टाकणखार पाण्याला भीक घालत नाही.

ते वितळवण्याचं काम सखाराम करायचा. उंच, सडपातळ माणूस, भुवया भट्टीच्या झळीने कायमच्या करपलेल्या. तो भट्टीच्या तोंडाचं झाकण उघडायचा, आणि मी मधासारखी, लालभडक धार होऊन खाली गार पाण्याच्या हौदात पडायचे. चर्रर्र आवाज व्हायचा. क्षणात माझे हजार तुकडे.

एकदा त्याची मुलगी अमृता डबा घेऊन आली होती. ती हौदाकडे बघत राहिली.

"पप्पा, एवढी भारी काच बनवता आणि डायरेक्ट पाण्यात टाकून फोडता?"

"फोडायलाच टाकतो. फुटली नाही तर दळायची कशी?"

"मग बनवलीच कशाला?"

सखाराम हसला. "अगं, ही कायमची थोडीच फुटते? कुणाच्या तरी भांड्यावर बसून पुन्हा भट्टीत जाईल. तिथे परत एकजीव होईल. हिची खरी आग अजून पुढे आहे."

मित्रांनो, हे वाक्य मी पाण्यात पडल्या पडल्या ऐकलं. अंगाचे तुकडे झालेले असताना कुणी असं सांगितलं, तर ते विसरणं शक्य आहे का? त्या दिवसापासून मला एकच ओढ लागली. दुसरी आग.

पुढे गोट्यांनी भरलेल्या फिरत्या पिंपात मी दळली गेले आणि पोत्यात भरली गेले. माझ्याबरोबरची पोती एकेक करून निघाली. कुणी फरशीच्या कारखान्यात गेलं, कुणी कपबशांच्या. त्यांना त्यांची आग मिळाली असणार. मी मात्र थप्पीत सगळ्यात खाली होते. माझी पाळी यायच्या आत मालकांनी वयामुळे धंदा आवरला, आणि उरलेला माल कल्याणच्या एका व्यापाऱ्याच्या गोदामात गेला. तिथे छपराला गळती होती. माझ्या पोत्यावर माझा क्रमांक छापलेला होता, माझ्यात काय किती आहे हे त्यावरून कळायचं. तो पाण्याने पुसला गेला. 'शिसेविरहित' एवढा एकच शब्द वाचता येईल असा उरला. मी स्वतः भिजूनही विरघळले नाही, कारण मी काच. पण नाव गेलं की वस्तू असून नसल्यासारखी होते. येणारे जाणारे पोत्याला पाय लावून विचारायचे, "हे काय आहे रे?" आणि उत्तर यायचं, "असंच काहीतरी पडलंय."

'असंच काहीतरी' होऊन मी किती काळ पडून होते, मला सांगता येणार नाही. मग एक दिवस दक्षता आली.

दक्षता ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातली. रसायनशास्त्र शिकलेली, आणि हात सदा मातीत. वागळे इस्टेटमध्ये शेडचा एक कोपरा भाड्याने घेऊन ती भांडी घडवायची. तिने पोत्यावरचा तो एक शब्द वाचला, चिमूटभर मला तळहातावर घेतलं, चोळलं, उन्हात धरलं. "फ्रिट आहे," ती म्हणाली. इतक्या काळाने कुणीतरी मला नावाने हाक मारली! मी शेडमध्ये आले, निळ्या पिंपात ओतली गेले. पिंपावर तिने मार्करने ठसठशीत लिहिलं, फ्रिट.

तिला मी कशाला हवी होते, ते पुढे आवडाबाईच्या बोलण्यातून मला कळलं. आवडाबाई ही दक्षताची आई. मासळी विकून परतताना रिकामी पाटी घेऊन ती शेडमध्ये टेकायची आणि मन मोकळं करायची. सगळा विषय एकच असायचा, तिचा नवरा गुणाजी.

गुणाजीने सारा जन्म खाडीत काढला होता. होडीत पाय टाकण्याआधी तो पाण्यात बोटं बुडवून कपाळाला लावायचा, मगच वल्ह्याला हात. पण गुडघे गेले, मासळी कमी झाली, आणि तो होडी बांधायचा त्या काठावर भराव पडणार असं ठरलं. होडी वसईकडच्या माणसाला विकली. शेवटच्या दिवशी गुणाजी काठावरचा घमेलंभर चिखल आणि खाडीच्या पाण्याचे दोन कॅन घेऊन घरी आला. त्यानंतर तो खाडीवर गेलाच नाही. ओट्यावर खाडीकडे पाठ करून बसायचा.

"होडी इकली, जाली दिली, नि घरान काय आनला, तं चिखोल!" आवडाबाई कपाळाला हात लावायची. "लोकं सोनं-नानं जपतान. माजा दादला चिखोल जपतो. रोज थोडा थोडा खाडीचा पानी टाकतो त्यान. म्हनतो, सुकला का मेला."

"अगं आई, असू दे ना."

"असू दे कशी? काल मना म्हनतो, वांग्याची भाजी कर. कोल्याच्या घरान वांगी! मासलीचा नाव काढत नाय, खाडीचा नाव काढत नाय. दोन सबूद बोलत नाय. दक्षते, कायपन कर गो बाय. त्याचा पाय एकदा खाडीकं वलू दे."

दक्षताने मातीचे हात पुसले. मग म्हणाली, "तो चिखल मला आणून दे."

तिच्या मनातलं मी तेव्हाच ओळखलं. त्या चिखलाचं भांडं करून ते बापाच्या हातात द्यायचं. पण यात एक मेख होती. आपल्या खाडीचा चिखल काळ्या दगडाच्या झिजेतून आलेला, लोहाने भरलेला. चिनी मातीच्या भांड्यांना लागते तेवढी आग दिली, तर तो फुगतो आणि स्वतःच वितळून बसतो. त्याला हजार अंशांच्या जरा वर, एवढीच आग सोसते. एवढ्याशा आगीत काच होऊन पसरणारं कोण? मी. जन्मापासून जिची वाट पाहिली, ती आग माझ्याच मापाची निघाली.

गुणाजीने घमेलं दिलं खरं, पण अट घातली. सुकू द्यायचं नाही. आणि दक्षताने नेमकं उलटं केलं. चिखलात मीठ असतं. भांडं सुकताना ते वर येतं आणि पांढरा पापुद्रा धरतं, त्यावर झिलई, म्हणजे काचेचा चकचकीत थर, नीट बसत नाही. म्हणून तिने गोड्या पाण्याने तो चिखल पुन्हा पुन्हा धुतला. वरचं खारट पाणी ओतून द्यायचं, नवं घालायचं, परत ओतायचं. हे गुणाजीच्या कानावर गेलं तेव्हा त्याने बायकोजवळ निरोप धाडला. आवडाबाईने तो जसाच्या तसा सांगितला. "म्हनतो, खाडी धुवून काढलीस पोरी. आता ऱ्हायला काय त्यान?"

दक्षताला ते लागलं. तिने हातातली माती खाली ठेवली आणि वाहता नळ बंद केला.

त्या मातीतून तिने काही चाचणीचे तुकडे केले आणि एक वाडगा केला. वाडगा एकच झाला, कारण माती तेवढीच होती. पहिल्या भाजणीनंतर तो बाहेर आला तो विटेसारखा लाल आणि कोरडा ठणठणीत. घरी नेऊन दाखवला तर गुणाजी एवढंच म्हणाला, "इटेचा हाय का?" आणि पुन्हा पाठ केली. तो आपल्याच चिखलाचा, हे त्याला उमगलं नाही.

पण दक्षताला ठाऊक होतं, काम अर्धंच झालंय. मित्रांनो, ओला दगड सुक्या दगडापेक्षा गडद का दिसतो, हे कधी पाहिलंत? पाण्याचा पातळ थर त्याच्यावर असतो म्हणून. काचेचा पारदर्शक थरही तेच करतो. भाजलेल्या मातीवर मी नीट वितळून बसले, तर ती माती कायमची ओली दिसते. ओहोटीला उघडा पडलेला, उन्हात चमकणारा चिखल गुणाजीला परत द्यायचा, तर तो माझ्यातूनच द्यायचा होता.

माझ्यात काय किती आहे हे कुणालाच माहीत नसल्यामुळे तिने चाचण्या सुरू केल्या. पहिल्यांदा चमचाभर मला एकटीलाच ओलं करून गोळी केली आणि तुकड्यावर ठेवून भट्टीत घातली. माझा तो चमचा गेला. मी पिंपात बसून भट्टीची घरघर ऐकत होते. दुसऱ्या दिवशी तुकडा बाहेर आला आणि दक्षता ओरडलीच, "काय वितळली यार!" तिने तो खिडकीत ठेवला. मी वर पाहिलं. तिथे मी होते. एकजीव, नितळ, उन्हात लखलखणारी. आणि इथे खालीही मी होते, पांढरी, सुटी, गप्प. स्वतःलाच स्वतःचा हेवा वाटावा, असं तुमच्या बाबतीत कधी झालंय का?

पण दुपार होईपर्यंत त्या चमकत्या अंगावर बारीक भेगांचं जाळं उमटलं. टिंग, टिंग असा आवाज करत एकेक भेग पडत होती. कारण सोपं होतं. थंड होताना मी जास्त आखडते, खालची माती कमी आखडते. लहान झालेला शर्ट अंगावर ताणून उसवतो, तसं माझं झालं. दक्षताने माझ्यात गारगोटीची पूड घातली, चिनी माती घातली, कमी-जास्त करून पाहिली. दर खेपेला माझे काही चमचे जात राहिले, पिंप खाली जात राहिलं. अखेर एका तुकड्यावर भेग पडली नाही. तो गुळगुळीत राहिला आणि मातीचा रंग त्याच्याखाली दाट, काळसर तपकिरी झाला. दक्षताने तो गालाला लावला.

मग तिने बादलीत खरी झिलई कालवली, ती तिला ग्लेझ म्हणायची. जवळजवळ सगळी मी त्यात गेले. बादलीत गेलेली मी आणि पिंपात राहिलेली मी, एकमेकींना निरोपसुद्धा देता आला नाही.

आणि तिथेच घात झाला. काच जड असते, तरंगणं माझ्या स्वभावात नाही. मी बादलीच्या तळाशी बसले आणि अशी घट्ट बसले की सिमेंट म्हणावं. वर नुसतं निवळ पाणी. दक्षताने ढवळलं, खरवडलं, पुन्हा ढवळलं. वळून बघते तो मी पुन्हा तळाशी. एका तुकड्यावर लावून पाहिली तर कुठे पातळ, कुठे गाठी. अशी झिलई त्या एकुलत्या वाडग्यावर चढवायची कशी? वाडगा बिघडला तर दुसरी माती नव्हती. मी बिघडले तर दुसरी मी नव्हते. तिच्या तळहाताला फोड आले होते. ती तशीच बाहेर हात धुवायला गेली.

नेमक्या त्या वेळी दारात गुणाजी उभा राहिला. एका हातात डबा, दुसऱ्या हातात प्लॅस्टिकचा कॅन. आवडाबाईने गुडघा दुखल्याचं सोंग करून त्याला पिटाळलं होतं, हे आम्हाला मागून समजलं. तो कॅन त्याने आपणहून आणला होता. खाडीच्या पाण्याचा शेवटचा कॅन. पोरीकडे आपल्या चिखलाचं पाणी आटलं असेल, ही एकच काळजी त्याला होती.

त्याने बादली पाहिली. तळाशी गाळ, वर निवळ पाणी. त्याला तो आपला चिखलच वाटला, पांढऱ्या मातीत मिसळलेला. घरी रोज करायचा तेच त्याने केलं. कॅनचं झाकण उघडलं आणि खाडी बादलीत ओतली. जवळची काठी घेऊन ढवळली.

"बाबा! काय केलंत? ते ग्लेझ होतं!"

दक्षता ओल्या हातांनी दारात उभी होती. गुणाजीने बादलीकडे पाहिलं, मग हातातल्या रिकाम्या कॅनकडे.

"मना वाटला आपला चिखोल हाय. पानी आटलेला दिसला..."

"तो चिखल राहिला नाही, बाबा. त्याचा वाडगा झाला. तुम्ही बघितलात ना? इटेचा म्हणालात."

"मंग आता?"

"आता काय... सगळं गेलं."

गुणाजी स्टुलावर बसला. त्याने डबा मांडीवर घट्ट धरून ठेवला, जणू तोही आता हातून सांडेल. मीही घाबरले होते. दुसरी आग हाताशी येऊन हुकते की काय?

बऱ्याच वेळाने दक्षता पुढे झाली. बादली ओतून द्यायच्या आधी सवयीने तिने काठी घातली, आणि थबकली. काठी तळाला अडली नाही. मी तळाशी नव्हतेच. साऱ्या बादलीभर मी दह्यासारखी दाट, एकसारखी पसरले होते. तिने काठी काढली, थोडं थांबून परत घातली. तरीही नाही बसले.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "नदीचं गढूळ पाणी खाडीत शिरलं की काय होतं?"

"काय होनार? खारा पानी लागला का गाल गोला होतो नि खाली बसतो. म्हनून तं चिखोल."

"दगडासारखा बसतो?"

"येरी हायस का? दगडासारखा बसला असता तं पाय कसा रुतला असता? लोन्यावानी बसतो."

दक्षता हसायला लागली. हसता हसता तिने डोळे पुसले. मग तिने बापाला समजावून सांगितलं. खाऱ्या पाण्यातल्या क्षारांमुळे चिनी मातीचे सुटे कण एकमेकांचा हात धरतात, त्यांचं सैल, मऊ जाळं होतं. त्या जाळ्यात काचेचे जड कण अडकून राहतात. खाडीचा चिखल ज्याने लोण्यासारखा होतो, त्यानेच ही बादली सावरली होती. मीठ जास्त झालं असेल तर झिलईवर डाग पडतील, ही भीती अजून होतीच. पण ढवळून, वरचं थोडं पाणी काढून लावायला ती आता तयार होती.

"म्हंजे," गुणाजीने विचारलं, "जी खाडी तू धुवून काढलीस, ती परत आली?"

"तुम्हीच आणलीत."

वाडगा बादलीत बुडाला तेव्हा त्याला धरायला दोन हात दक्षताचे होते, आणि बादली धरायला दोन गुणाजीचे. मी त्या कोरड्या मातीला बिलगले. मग भट्टीचं दार लागलं. मित्रांनो, आत काय झालं हे पिंपातली मी सांगू शकत नाही. मी फक्त घरघर ऐकली, आणि भिंतीची ऊब थोडी थोडी माझ्यापर्यंत आली.

दार उघडलं त्या दिवशी आवडाबाईसुद्धा हजर होती. वाडगा बाहेर आला. काठाशी मिठाचा एक फिकट डाग होता, बाकी सगळा गडद आणि ओला. इतका ओला की आवडाबाईने बोट लावून पाहिलं आणि ते कोरडं निघालेलं पाहून पुन्हा लावलं.

"जल्लं मेलं! वल्ला नाय?"

गुणाजीने वाडगा हातात घेतला. खिडकीजवळ नेला, उन्हात तिरका धरला, फिरवला. नळाखाली धरून त्यात थोडं पाणी घेतलं. मग बोटं बुडवली आणि कपाळाला लावली.

मागे न वळता त्याने विचारलं, "आजून एक व्हईल?"

"फ्रिट थोडी उरली आहे," दक्षता म्हणाली. "एखादा छोटा कप होईल. पण माती नाही. आणि खाडीचं पाणी तुम्ही सगळं ओतलंत."

"पानी काय दुकानान मिलतं का?" आवडाबाई ठसक्यात म्हणाली. "आनावा लागंल कोनीतरी जाऊन. माजं गुडघे दुखतान."

गुणाजीने तिच्याकडे पाहिलं. कोपऱ्यातला रिकामा कॅन उचलला, चिखलाचं घमेलंही.

"ओहोटी कवा हाय आज?" त्याने विचारलं. आणि कुणी उत्तर द्यायच्या आतच स्वतःशी हिशेब करून तो दाराबाहेर पडला. आवडाबाईने पदर तोंडाला लावला. ती हसत होती की रडत होती, मला पिंपातून दिसलं नाही. पण निघताना ती लेकीला म्हणाली, "आज खाडीची मासली, निवट्या करतंय. जेवाया ये."

मित्रांनो, माझी गोष्ट इथवर आली आहे. माझा मोठा भाग त्याच्या आगीतून गेला आणि गुणाजीच्या ओट्यावर आता खाडीकडे तोंड करून बसला आहे, असं ऐकते. मला त्याचा आनंद आहे. पण खरं सांगायचं तर आनंदापेक्षा ओढच जास्त आहे. मी अजून सुटी आहे, पांढरी आहे, आणि सखारामचं ते वाक्य माझ्या कणाकणात तसंच आहे.

तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुमच्या घरात, शाळेत, गोदामात एखादी वस्तू उरून पडली असेल, तर तिच्यावर तिचं नाव लिहून ठेवा. पुसट झालं तर पुन्हा लिहा. तिला 'असंच काहीतरी' म्हणू नका. कशाची खरी आग अजून पुढे आहे, हे वरून बघून कळत नाही.

बाहेर दारापाशी कुणाची तरी पावलं वाजताहेत. जड आहेत, सावकाश आहेत, चिखलाने भरलेली आहेत. कॅन जमिनीवर टेकल्याचा आवाज आला.

या वेळी तो भरलेला आहे.